मासिकाचा अंक एक्सएमएलमध्ये मांडताना कोणता घटक कोणाच्या पोटात ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहान प्रकाशनाच्या कार्यालयात जुन्या मासिकाचे अंक एक्सएमएलमध्ये उतरवायचं काम चाललं आहे. एक्सएमएल ही मजकुराचे भाग खुणावून ठेवायची रीत आहे, तीत प्रत्येक भाग, म्हणजे घटक, उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगच्या मध्ये ठेवतात. टॅगची नावं मराठीत ठेवली आहेत. पुढे अंकांतल्या स्थळनामांची सूचीही करायची आहे. दोघीजणी टाइप करतात, एक कार्यालयातल्या संगणकावर आणि दुसरी घरून, बरेचदा मोबाइलवर. एका फाइलवर पार्सर (एक्सएमएल वाचून तपासणारा प्रोग्रॅम) अडतो आणि सांगतो की उघडणारा आणि बंद होणारा टॅग जुळत नाही. ‘मला तर दोन्ही अगदी सारखे दिसतात,’ असं प्रश्न पाठवणाऱ्या ताईंनी लिहिलं आहे. शेवटी जाता जाता त्यांनी विचारलं आहे, ‘बाकी रचना बरोबर आहे ना?’ नमुना हा:

<अंक>
<शीर्षक>दिवे घाटातली पहाट</शीर्षक>
<लेखक१>…</लेखक१>
<लेखक२>…</लेखक२>
<चित्र-काढणाऱ्याचे-नाव>…</चित्र-काढणार्‍याचे-नाव>
<परिच्छेद>…</परिच्छेद>
<परिच्छेद>…</परिच्छेद>
<शीर्षक>अंजिराची बाग</शीर्षक>
<लेखक१>…</लेखक१>
<परिच्छेद>…</परिच्छेद>
</अंक>

मी गेली २२ वर्षं पुण्यात हेच काम करतो, छापील मराठी मजकूर घ्यायचा आणि त्याची नीट शोधता येईल अशी फाइल करायची. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो. पहिला प्रश्न अर्ध्या तासात सुटेल. दुसरा तुम्ही जाता जाता विचारलात, पण खरं काम तिथेच आहे.

आधी न जुळणारा टॅग. तुमचे डोळे चुकत नाहीत, पार्सरही चुकत नाही. ‘काढणाऱ्याचे’ मधला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण संकेतात, एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘र’च्या कळीसोबत शिफ्ट दाबली की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, त्याला हलन्त आणि पुढे ‘या’ जोडला की झालं. काही कीबोर्ड मात्र साधा ‘र’, मग हलन्त, मग न दिसणारा एक जोडचिन्हाचा वर्ण (झीरो विड्थ जॉइनर) आणि मग ‘या’ घालतात. तिसरा प्रकार साध्या ‘र’खाली वेगळा नुक्ता (ठिपका) देण्याचा. तो जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात सापडतो. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात. एक्सएमएलचा नियम मात्र स्पष्ट आहे: दोन नावं जुळली असं म्हणायला त्यांतला एकेक वर्ण, न दिसणाऱ्यासकट, तोच असायला हवा. नाव कसं दिसतं, कसं वाचलं जातं याच्याशी पार्सरला कर्तव्य नाही.

तुमच्या बंद होणाऱ्या टॅगमध्ये तो न दिसणारा जोडवर्ण आहे, आणि तरी तुमच्या पार्सरने नुसतं ‘जुळत नाही’ म्हटलं, यातून आणखी एक कळतं, तो नव्या नियमांचा आहे. एक्सएमएल १.० ची शिफारस, म्हणजे नियमावली, फेब्रुवारी १९९८ मधली. तिच्या २००८ च्या पाचव्या आवृत्तीत नावात कोणते वर्ण चालतील याचे नियम बरेच सैल केले गेले. त्याआधीच्या नियमांवर बांधलेले पार्सर आजही खूप ठिकाणी वापरात आहेत, आणि त्यांना तो न दिसणारा वर्ण नावात मुळीच चालत नाही. तिथे तुमची फाइल ‘हा वर्णच अवैध आहे’ म्हणून अडली असती, आणि तुम्ही आणखी गोंधळला असता.

असाच दुसरा खड्डा ‘ॲ’चा. मराठीसाठी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, आजही लिहितात. जुन्या नियमांच्या पार्सरला ‘अॅ’ने सुरू होणारं नाव चालतं, ‘ॲ’चं नाही, कारण त्याच्या यादीत ते अक्षरच नाही. ओळखायची सोपी युक्ती सांगतो. अक्षरापुढे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. नुसता चंद्र गेला आणि ‘अ’ उरला तर तो जोडून लिहिलेला. सगळंच एका फटक्यात गेलं तर एकसंध. ‘ऱ्या’चंही असंच तपासता येतं, फक्त किती वेळा दाबावं लागतं ते मोजायचं.

कोणी म्हणेल की सगळ्या फाइली युनिकोडच्या प्रमाणित रूपात, म्हणजे एनएफसीमध्ये, आणून टाका. जरूर आणा. नुक्तावाला ‘र’ त्याने ‘ऱ’ होईल. पण न दिसणारा जोडवर्ण तसाच राहील, आणि ‘अॅ’ व ‘ॲ’ही वेगळेच राहतील. त्या दोन्हींसाठी शोधा-बदला स्वतःच चालवावं लागेल, तेही मजकुरासकट संपूर्ण फाइलवर. नाहीतर उद्या शोधयंत्रात ‘वाऱ्यावर’ शोधलं की अर्ध्याच ओळी सापडतील.

याहून चांगला उपाय म्हणजे असं नावच ठेवायचं नाही. ‘ऱ्या’ बहुतेक वेळा येतो तो सामान्यरूपात: करणारा, करणाऱ्याने, काढणाऱ्याचे. घटकाचं नाव हे एक साधं नाम असावं, प्रथमेत, एकवचनी, विभक्ती न लागलेलं. <चित्र-काढणाऱ्याचे-नाव> ऐवजी <चित्रकार> म्हटलं की ‘ऱ्या’ गेला, दोन जोडरेघा गेल्या आणि नाव तोंडात बसलं. ‘नाव’ हा शब्दही गेला ते बरंच झालं, कारण उद्या त्याच घटकात चित्रकाराचं गाव किंवा जन्मवर्ष घालावं लागलं तर <चित्र-काढणाऱ्याचे-नाव> मध्ये गाव कसं ठेवणार?

टॅगची नावं मराठीत ठेवलीत त्याबद्दल कोणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका. एक्सएमएल पहिल्या दिवसापासून देवनागरी नावांना जागा देतं, आणि ज्या दोघीजणी रोज आठ तास ही फाइल वाचतात त्यांना ती वाचता येणं महत्त्वाचं. पण मग नावांची पक्की यादी करा, वीस-पंचवीस पुरतात, आणि नाव कधीही हाताने टाइप करू नका. एडिटरमधल्या सूचनेतून निवडा. कारण ‘शीर्षक’चं ‘शिर्षक’ होणारच. आणि <शिर्षक>…</शिर्षक> असं दोन्हीकडे सारखंच चुकलं तर पार्सर हूं की चूं करणार नाही. त्याच्या दृष्टीने फाइल वेल-फॉर्म्ड आहे, टॅग उघडला तसा बंद झाला. ही चूक पकडायला स्कीमा लागते, म्हणजे कोणता घटक कुठे चालतो याचे नियम लिहिलेली फाइल. ‘लेखात शीर्षक हा घटक येतो, शिर्षक नावाचा कोणी येत नाही’ हे तीच सांगू शकते. स्कीमा लिहायला मी रिलॅक्स एनजी ही भाषा वापरतो, वाचायला सोपी आहे. तुमच्याकडे एक्सएसडी ही तशीच दुसरी भाषा कोणाला येत असेल तर तीही चालेल. मात्र नावं वर सांगितली तशी सुटसुटीत हवीत, कारण तपासणारी साधनं जुन्या नियमांची असू शकतात.

आता रचना. तुमच्या नमुन्यात सगळं एका पातळीवर आहे: शीर्षक, लेखक, परिच्छेद, परत शीर्षक. कागदावर असंच दिसतं, वरून खाली. वाचणाऱ्या माणसाला कळतं की दुसरं शीर्षक आलं म्हणजे पहिला लेख संपला. पण फाइलमध्ये तसं कुठेच म्हटलेलं नाही. एक्सएमएलमध्ये ‘हे त्याचं आहे’ हे सांगायची मुख्य रीत एकच, ते त्याच्या पोटात ठेवायचं. परिच्छेद लेखाचा असेल तर तो लेखाच्या आत हवा. तुमच्याकडे लेख नावाची वस्तूच नाही. अंक आहे, शीर्षक आहे, परिच्छेद आहे, पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो लेख मात्र नाही.

हे मला फार महागात पडून कळलं आहे. सुरुवातीच्या काळात एका मासिकाची कित्येक वर्षांची सूची माझ्याकडे आली होती, अशीच सपाट: शीर्षक, लेखक, शीर्षक, लेखक. मी क्रमाने जोड्या लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका अंकात पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत चार ओळींचं पानपूरक होतं, त्याला लेखकच नव्हता. तिथून पुढे प्रत्येक शीर्षकाला पुढच्याचा लेखक लागला. एका बाईंचा बाळंतपणावरचा लेख एका निवृत्त इंजिनिअरच्या नावावर गेला, त्यांचा धरणावरचा लेख तिसऱ्याच्या नावावर. पार्सरने काहीही तक्रार केली नाही. आम्हाला कळलं ते छपाईच्या आदल्या दिवशी, एका वयस्क मुद्रितशोधकांनी पानावर बोट ठेवलं तेव्हा. दोन रात्री जागून मी ती सूची परत लावली.

लेख हा घटक असता तर ही चूक होऊच शकली नसती. ज्या लेखाला लेखक नाही त्याच्या पोटात लेखक नसता, एवढंच. म्हणून तुमचा नमुना मी असा मांडेन:

<अंक वर्ष="1987" महिना="10">
  <काळ>आश्विन, शके १९०९</काळ>
  <लेख प्रकार="प्रवासवर्णन">
    <शीर्षक>दिवे घाटातली पहाट</शीर्षक>
    <लेखक>…</लेखक>
    <लेखक>…</लेखक>
    <चित्रकार>…</चित्रकार>
    <मजकूर>
      <परिच्छेद>…</परिच्छेद>
      <परिच्छेद>…</परिच्छेद>
    </मजकूर>
  </लेख>
  <लेख प्रकार="शेती">
    …
  </लेख>
</अंक>

<लेखक१>, <लेखक२> गेले, नुसता <लेखक> दोनदा आला. क्रम एक्सएमएल स्वतःच राखतं, एकामागून एक आलेले घटक त्याच क्रमाने वाचले जातात. नावात आकडा घातला की ‘सगळे लेखक काढा’ म्हणताना लेखक१ पासून लेखक किती पर्यंत शोधायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि परिसंवादात सात जण निघाले की स्कीमा बदलावी लागते. नावाच्या शेवटी आकडा दिसला की समजायचं, इथे तोच घटक पुन्हा यायला हवा होता.

पुष्कळ लोक <लेखक> भोवती आणखी एक <लेखकयादी> गुंडाळतात. मी तसं करत नाही. जे वेष्टन काही सांगत नाही ते नको. <मजकूर> मात्र मी मुद्दाम घातला, कारण तो ‘इथून पुढे लेख स्वतः, याच्या वरच्या भागात लेखाविषयीची माहिती’ अशी रेघ मारतो. शोध फक्त मजकुरात चालवायचा असेल तर ही रेघ उपयोगी पडते.

ॲट्रिब्यूटमध्ये (उघडणाऱ्या टॅगमध्येच लिहिलेल्या वर्ष="1987" सारख्या जोडीत) काय आणि घटकात काय, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझा हिशोब साधा आहे. छापील पानावर वाचकाला जे दिसतं ते घटकात, आपण आपल्या सोयीसाठी त्याविषयी जे नोंदवतो ते ॲट्रिब्यूटमध्ये. म्हणून ‘आश्विन, शके १९०९’ घटकात आहे आणि 1987 ॲट्रिब्यूटमध्ये. ॲट्रिब्यूटच्या मर्यादाही ध्यानात ठेवा: एकाच घटकावर एक नाव दोनदा येत नाही, त्यांना क्रम नाही, त्यांच्या पोटात दुसरं काही राहत नाही, आणि आत ओळ तोडली तर तिची नुसती मोकळी जागा होते. लेखक="अमुक, तमुक" असं स्वल्पविरामाने भरलेलं ॲट्रिब्यूट दिसलं की ते मोडून घटक करा. आणि ॲट्रिब्यूटमध्ये मी आकडे इंग्रजी का वापरले? एक्सएसडीमधले संख्या आणि वर्ष हे प्रकार फक्त तेच आकडे ओळखतात. ‘१९८७’ त्यांच्या लेखी साधी अक्षरं आहेत. छापील मजकुरातला १९०९ मात्र जसाच्या तसा देवनागरीतच ठेवायचा.

आता परिच्छेदाच्या आत चला. इथे मराठीचा स्वभाव एक्सएमएलला भिडतो, आणि इंग्रजी उदाहरणांवरून शिकलेल्या माणसाला याची कल्पना नसते. तुम्हाला स्थळनामांची सूची करायची आहे असं तुम्ही लिहिलंय. समजा वाक्य असं आहे: ‘आम्ही पुण्याहून सासवडला निघालो.’ गावं खुणावायची आहेत. पहिला विचार येतो:

आम्ही <गाव>पुण्या</गाव>हून <गाव>सासवड</गाव>ला निघालो.

दोन भानगडी होतात. पहिली, सूचीत ‘पुण्या’ नावाचं गाव येतं. दुसरी जास्त वाईट. कोणीतरी एडिटरमध्ये ‘फाइल सुबक करा’ बटण दाबतं, काही साधनं टॅगच्या आजूबाजूला ओळी तोडतात आणि जागा सोडतात, आणि पान उघडतं तेव्हा छापून येतं ‘सासवड ला’. प्रत्यय तुटला. मराठी वाचणाऱ्याला याहून जास्त खुपणारी चूक क्वचितच असेल. साताऱ्याचं तर बघायलाच नको. ‘साताऱ’ एवढंच टॅगच्या आत ठेवून ‘्याला’ बाहेर सोडलं तर बाहेरचा तुकडा हलन्ताने सुरू होतो, आणि बरेचदा पडद्यावर त्याला टेकू म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ येतं. टॅगच्या लगेच नंतर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांतलं काहीही कधीच येऊ देऊ नका.

उपाय एकच: शब्द प्रत्ययासकट पूर्ण आत घ्या आणि मूळ रूप ॲट्रिब्यूटमध्ये द्या.

आम्ही <गाव मूळ="पुणे">पुण्याहून</गाव> <गाव मूळ="सासवड">सासवडला</गाव> निघालो.

सूची ‘मूळ’वरून होते, छपाई आतल्या मजकुरावरून. कोणताही शब्द फुटत नाही. ठळक किंवा तिरप्या ठशालाही हेच, ‘वारी’ ठळक आणि ‘त’ साधा असं करू नका, ‘वारीत’ संपूर्ण ठळक करा. आणि सुबक करायचं ते बटण परिच्छेदांच्या फाइलींसाठी बंदच ठेवा. एक्सएमएलमध्ये मोकळी जागा जपून ठेवा असं सांगणारं राखीव ॲट्रिब्यूट आहे, पण सगळी साधनं ते मानतीलच असा भरवसा धरू नका.

राहिला पानांचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण दोन अंकांनंतर विचारालच. सूचीत पान क्रमांक हवेत, म्हणून तुम्हाला <पान> हा घटक करून त्यात परिच्छेद ठेवावेसे वाटतील. मग एक परिच्छेद बाराव्या पानावर सुरू होऊन तेराव्यावर संपेल. आता परिच्छेद पानाच्या पोटात घालावा तर तो फुटतो, आणि पान परिच्छेदाच्या पोटात घालावं तर पानावर तर चार परिच्छेद आहेत. एक्सएमएलमध्ये घटक एकमेकांना कात्री लावून जाऊ शकत नाहीत. आत उघडलेला आतच बंद व्हायला हवा. ब्राउझर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, असल्या कात्र्या सांभाळून घेतात, एक्सएमएलच्या पार्सरला ती सवलत द्यायला परवानगीच नाही, त्याने तिथे थांबायचं असा नियम आहे.

अशा वेळी कोणती रचना खरी आणि कोणती योगायोगाची हे ठरवावं लागतं. परिच्छेद लेखकाने पाडला. पान कुठे संपलं हे कागदाच्या मापाने आणि ठशाच्या आकाराने ठरवलं. म्हणून परिच्छेदाला घटक म्हणून मान द्यायचा, आणि पानाचा नुसता मैलाचा दगड रोवायचा, पोटात काही नसलेला रिकामा घटक:

<परिच्छेद>घाट चढताना धुकं इतकं दाट होतं की पुढची बैलगाडी <पान क्र="13"/>दिसत नव्हती.</परिच्छेद>

‘इथून तेरावं पान सुरू’ एवढंच तो म्हणतो. टीईआय म्हणून जुन्या ग्रंथांच्या अशा मांडणीची एक पद्धत १९८७ पासून विकसित होत आली आहे, तिच्यातही पानं अशीच नोंदवतात. ओवी किंवा अभंग दोन पानांत विभागला गेला तरी <ओवी> अखंड राहते, मध्ये दगड. पान बदलताना एखादा शब्दच तुटला असेल, ‘मंडळी’चं ‘मंड-’ इकडे आणि ‘ळी’ तिकडे, तर शब्द जोडून घ्या आणि दगड त्या शब्दानंतर ठेवा. छापील जोडरेघ टाकून द्या. पाव इंचाची ही अप्रामाणिकता मी आनंदाने पत्करतो, कारण शोधणारा ‘मंडळी’ शोधणार आहे.

बाकीचं झटपट. संपूर्ण फाइलीला बाहेरचा घटक एकच हवा, तुमच्याकडे <अंक> आहे, ठीक. मजकुरात ‘आणि’साठी वापरलेलं अँपरसँडचं चिन्ह आणि ‘पेक्षा लहान’चं चिन्ह उघडं राहता कामा नये, जुन्या जाहिरातींत ‘आणि कंपनी’च्या जागी ते चिन्ह हमखास असतं. त्यांच्या जागी ठरलेली सांकेतिक रूपं घाला. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीनेच साठवा.

आता काय कराल ते सांगतो. झालेल्या फाइली लगेच दुरुस्त करायला घेऊ नका. सगळ्यांत गुंतागुंतीचा एक छापील अंक निवडा, शक्यतो दिवाळी अंक, कारण त्यात कविता, व्यंगचित्रं, चौकटी, जाहिराती, राशिभविष्य सगळं असतं. दोघींनी टेबलाशी बसून त्याच्या झेरॉक्सवर पेन्सिलने वर्तुळं काढा: हे काय आहे, आणि हे कोणाचं आहे. लेखाच्या मधोमध छापलेली चौकट त्या लेखाची आहे की केवळ तिथे जागा होती म्हणून आली, यावर तुमचं दोघींचं एकमत होणार नाही. ते वाजवून घ्या, संपादकांना विचारा, आणि जे ठरेल ते कागदावर लिहून ठेवा. ती वर्तुळं हीच तुमची स्कीमा. त्यानंतर जुन्या सपाट फाइलींतून लेख वेगळे करायला छोटा प्रोग्रॅम पुरेल, फक्त प्रत्येक अंकाची निघालेली लेखसंख्या छापील अनुक्रमणिकेशी हाताने पडताळून बघा, आणि पानपूरकं अनुक्रमणिकेत नसतात हे लक्षात ठेवून ती वेगळी मोजा.